सुनेच्या तोंडचं इंग्लिश

पनवेलच्या मासळी बाजारात भामाला गंडवणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं. गंडवायची पाळी आली तर ते काम तिचं. शेजारच्या टोपलीवरची गुणाबाई गिऱ्हाइकासमोर मोठ्यानं विचारायची, "काय गो, मामा आलं का?" म्हणजे ही सुरमई कालची का? भामा म्हणायची, "आलं ना!" आणि गिऱ्हाईक दोघींच्या मामाचं कौतुक ऐकत कालची सुरमई घेऊन जायचं. तेव्हा समोरच्याला न कळणारी भाषा माणूस कशाला बोलतो, हे भामाला कुणी सांगायला नको होतं.

म्हणून किशोरी घरात इंग्लिश बोलायला लागली तेव्हा भामाचं डोकं फिरलं.

किशोरी तिची सून, आपटा गावची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काम मिळावं म्हणून ती इंग्लिशच्या क्लासला जात होती. त्याला भामाची हरकत नव्हती. पण पोरगी आधी भामाकडे टक लावून बघायची, मग पाठ फिरवून फोन तोंडाशी धरायची आणि काहीतरी पुटपुटायची. भामा भांडी आपटायला लागली की पुटपुटणं. भामा गप्प बसली की पुन्हा पुटपुटणं. फोन कुणाला, तर क्लासच्या कोमल मॅडमला म्हणे!

"तुजी चहाडीच करत असंल," गुणाबाईनं आगीत तेल ओतलं. "निकेशला घेऊन कलंबोलीला फ्लॅटमंदी जायचा बेत दिसतो."

तिचा मुलगा निकेश कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला होता, फ्लॅटचं नाव त्यानं एकदा काढलंही होतं. नवरा तुळशीराम गेल्यापासून तिला या पोराशिवाय होतं कोण? त्या दिवसापासून ती सुनेवर डोळा ठेवून राहिली. कपडे वाळत घालताना कान खिडकीशी. सून हसली तरी संशय, नाही हसली तरी संशय. चहात साखर जास्त पडली, तर त्यातही तिला लाडीगोडीचा वास आला.

एका दुपारी बाजारातून येऊन ती मागच्या पडवीत टोपली धूत होती. किशोरी दारात आली, बघत राहिली, आणि फोन वर उचलला. भामानं टोपली आदळली.

"आता बोल! माज्या तोंडावर बोल. मामा आलं का तुजं?"

"कोण मामा?" किशोरी घाबरली.

"इंग्लिशमंदी काय शिव्या घालतेस मला?"

"शिव्या नाय ओ आई! मॅडमनी सांगितलंय, घरातलं एक माणूस निवडायचं. त्याचा स्वभाव, त्याच्या मनातलं रोज एका इंग्लिश शब्दात त्यांना फोनवर पाठवायचं. मी तुमाला निवडलं."

"सांग शब्द. एकूण एक सांग."

"स्टबर्न, म्हंजे हट्टी. सस्पिशस, म्हंजे संशयी."

भामानं मान डोलावली. खरं ते खरं, त्यात राग कसला.

"आन आजचा?"

किशोरीनं नजर खाली केली. "लोनली. म्हंजे एकटी."

"एकटी? घरात तुमी दोगं असताना?"

"तुमी दुपारी टोपली धुताना बाबांशी बोलता. बाजारात काय झालं, ते समदं सांगता. मी रोज ऐकते."

गिऱ्हाईक माशाचे कल्ले उघडून बघतं तसं या पोरीनं तिला उघडून बघितलं होतं. तुळशीरामशी ती बोलते हे निकेशलाही माहीत नव्हतं. तिला लाज वाटली, राग आला, आणि डोळे भरले. ती तिथंच पाटावर बसली.

"किशोरे," ती म्हणाली, "तू माज्या पोराला घिऊन कलंबोलीला जाशील, याचं मला लय भ्याव वाटतं. त्याला काय म्हणतात?"

"अफ्रेड."

"अफ्रेड." भामानं शब्द जपून उच्चारला. मग पदरानं तोंड पुसलं आणि फोनकडे बोट केलं.

"मॅडमला आजचा शब्द ह्यो पाठव. त्यो एकटीचा ऱ्हाऊं दे, त्यो तुज्यापाशी ठेव."