दिरांसमोरचा बाक

आणीबाणी उठली त्या सुमारास माझी शाळेतली नोकरी संपली आणि मी पौडमध्येच राहिले. एका माडीवर भाड्याची खोली, एक स्टोव्ह, एक रेडिओ. लग्न केलं नव्हतं. बोलायची सवय मोडू नये म्हणून मी रेडिओवरच्या बातम्यांशी वाद घालायचे.

मैत्रीण एकच होती, खालच्या आळीतली. माझ्याएवढीच, साठीला टेकलेली विधवा, माहेर कोळवणचं. तिच्या घरात सुना-नातवंडांच्या गलक्यात दोन शब्द धड बोलता येत नसत, आणि माझा जिना तिच्या गुडघ्यांना झेपत नसे. म्हणून एसटी स्टँडजवळच्या पडीक जागेवर ग्रामपंचायत बाग करणार असं कळलं तेव्हा मला कोण आनंद झाला!

सरपंच माझा जुना विद्यार्थी. म्हणाला, "बाई, म्हाताऱ्या माणसांना काय काय लागतं, तुमीच सांगा." मी सांगितलं. बाकाला पाठ हवी, उठताना रेटा द्यायला हात हवेत, सावली हवी, पायऱ्या नकोत. आणि कमी ऐकू येणाऱ्यांना बोलता यावं म्हणून बाक समोरासमोर हवेत. पठ्ठ्यानं सगळं तसंच केलं.

पहिल्याच संध्याकाळी मी मैत्रिणीला घेऊन गेले. समोर तिचे थोरले दीर बसले होते, ऐंशीच्या घरातले, डोळ्यांनी अधू. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि बाकामागं उभी राहिली.

"बस की गं," मी म्हणाले.

"त्यांच्यासमोर? बाकावर?" ती कुजबुजली. "तुमाला चालतंय, बाई. तुमचं हितं कोण हाय?"

तिच्या मनात काही नव्हतं. पण ते वाक्य माझ्याबरोबर खोलीवर आलं आणि बरेच दिवस तिथंच राहिलं. मला गावात ना सासरा, ना दीर. मी कुठंही बसायला मोकळी होते.

शेवटी ती खाली फरशीवर बसली. तिला उठवताना माझी आणि भेळवाल्याची दमछाक झाली. त्यानंतर ती आली नाही. मेंदीच्या कुंपणापलीकडे बायकांसाठी वेगळा बाक टाक, असं मी सरपंचाला सांगून पाहिलं.

"म्हाताऱ्या बायांना कुटं येळ हाय बसायला?" तो हसला. वर्गात असता तर अंगठे धरून उभा केला असता.

बाग रोज भरायची, सगळे पुरुष. मी एकटी बाई, सरपंचाकडून हट्टानं करून घेतलेल्या बाकाच्या पाठीला पाठ टेकून बसायचे. फार एकटं वाटायचं.

दिवाळीनंतर दीर गेले. तेरावं झालं आणि एका संध्याकाळी ती आपणहून आली. पदर डोक्यावर होता, पण पुढं ओढलेला नव्हता. बाकाचा हात धरून ती सावकाश माझ्याशेजारी टेकली. किती महिने मी याची वाट पाहिली होती.

ती समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघत होती.

"घरात माज्यापरीस थोरलं आता कुणी ऱ्हायलं न्हाई," ती म्हणाली. "आता कुटंबी बसावं, बाई. तुमच्यावानी."