ट्रकातून दिसेल असा मॉनिटर

घुग्घुसला बापूरावांच्या ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर भाग्यश्री ज्या कॉम्प्युटरसमोर बसायची, तो तिच्या आधीपासून नोकरीत होता आणि रजा तिच्यापेक्षा कमी घ्यायचा. श्रेय अर्थात तिचंच. कोळशाची धूळ साचली की ती डबा उघडायची, शेजारच्या पंक्चरवाल्याची हवेची नळी ओढून आणायची आणि आतला कोळसा बाहेरच्या कोळशात मिसळून टाकायची. रॅमची पट्टी खोडरबरने घासली की मशीन पुन्हा मुकाट्याने कामाला लागायचं.

२००५ च्या उन्हाळ्यात मॉनिटर मात्र गेला. बापूरावांना सपाट, नवा हवा होता. तिने चंद्रपूरच्या दुकानात खुर्चीत बसून एक पसंत केला आणि खिडकीत मांडला.

पहिलाच ट्रक पोचूचा, राजुऱ्याकडचा. काट्यावरची रीत अशी, की ड्रायव्हर केबिनमधूनच खिडकीतला आकडा वाचतो आणि मगच गाडी हलवतो. पोचूने वरून पाहिलं, तर समोर बसलेल्या भाग्यश्रीला स्वच्छ दिसणारा पडदा राखेसारखा पांढुरका. मॉनिटर वर कलवला, तर भाग्यश्रीला दिसेना. तिने आकडा मोठ्याने वाचून दाखवला. पोचूने तो आदराने ऐकला आणि इंजिन सुरू केलं नाही.

"तुमच्यावर भरवसा हाय, बाई. पण आकडा दिसून नाई राह्यला."

"मंग उतरून पाह्य ना," बापूराव म्हणाले. "पाय का घरी ठेवून आला?"

"उतरलो तर माह्यं वजन कमी होते, भाऊ. तुमचाच नियम हाय."

वजन होईपर्यंत ड्रायव्हरने उतरू नये, हा नियम खरंच भिंतीवर तेलरंगात होता. मागच्या रांगेतले दोन ट्रक पलीकडच्या काट्याकडे वळले. ड्रायव्हरला एकदा दुसऱ्या काट्याची सवय झाली की तो परत येत नाही, हे बापूरावांना ठाऊक होतं. आधुनिकतेवरचा त्यांचा लोभ तिथेच आटला.

भाग्यश्री वाद न घालता पोचूच्या केबिनमध्ये चढली, त्याच्या जागेवरून खिडकीकडे नीट पाहिलं आणि चंद्रपूरची एसटी धरली. जुन्या मालाच्या दुकानात तिने पेटीसारखे मॉनिटर जमिनीवर मांडून घेतले आणि स्वतः स्टुलावर उभी राहिली. दुकानदार म्हणाला, बसून पाहा, बसूनच खरं कळतं.

"आमचं गिऱ्हाईक बसूनच पाह्यते," ती म्हणाली. "पण ट्रकात."

एक वरून छान दिसला, पण त्याच्या कडा थरथरत होत्या. शेवटी पिवळा पडलेला, वजनदार एक तिने निवडला. कुठल्याशा ऑफिसचा तक्ता वर्षानुवर्षं दाखवून दाखवून त्याच्या काचेत कायमचा पुसट उमटला होता. परतताना एसटीत मॉनिटरला बसायला जागा मिळाली, भाग्यश्री उभी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचू ट्रक घेऊन पुन्हा काट्यावर आला.

"मागं हे पुसट काय हाय, बाई?"

"जुन्या ऑफिसचं. तुमचं वजन समोर हाय."

पोचूने आकडा ओठांतल्या ओठांत दोनदा वाचला आणि गिअर टाकला. पलीकडच्या काट्यावर गेलेल्यांपैकी एक ट्रक त्याच्यामागे उभाच होता.