दुसरा ड्रायव्हर

महायुद्ध सुरू होण्याआधीच्या हिवाळ्यात, लोणखेड्याजवळच्या माळावर, एका गोऱ्या अधिकाऱ्याने खेळताना दुसरा ड्रायव्हर मागवला. शिपाई माझ्या थोरल्या भावाला घेऊन गेला.

साहेबांचा मुक्काम कोसभर अलीकडे आमराईत होता. मोटार एक आणि ड्रायव्हर दोन. पहिला मुंबईहून साहेबांबरोबर आलेला. गाडी तोच चालवी. माझा भाऊ दुसरा. त्याच्याकडे गाडी धुणे, पाणी भरणे आणि चाके पुसणे एवढेच काम होते. दौरा संपेपर्यंत चालवून दाखवली तर नोकरी कायम, नाहीतर परत गावी कळसाडीला, असे त्याला सांगितले होते. दौरा संपत आला होता. त्याने गाडी एकदाही चालवली नव्हती. छावणीत त्याला नावाने कोणी हाक मारीत नसे. सगळे 'दुसरा' म्हणत.

त्या आठवड्यात त्याला हिवताप होता. त्याच्याजवळ राहायला मी गावाहून आलो होतो.

शिपाई तंबूच्या दारातूनच म्हणाला, "ऊठ रे दुसरा. साहेबनी दुसरा ड्रायव्हर मांगेल शे. आज धुवानी नही, हाकानी."

भाऊ उठून बसला. अंग भाजत होते. मी म्हणालो, "आप्पा, ताप शे. मी सांगी येस."

"आज नही गऊ ते परत कोन बलाई?"

पहिला ड्रायव्हर आजारी पडला असावा, असे त्याचे म्हणणे होते. त्याने खाकी कोट घातला, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या आणि डोके ओले करून भांग पाडला. दोघे पायी निघाले.

माळावर काय झाले ते मी पाहिले नाही. शिपायाने सांगितले ते असे. मोटार बाभळीखाली उभी होती आणि पहिला ड्रायव्हर तिच्यात बसून विडी ओढत होता. साहेबांनी भावाकडे पाहिले आणि हा कोण, असे विचारले. मग पहिल्या ड्रायव्हरने उलगडा केला. गोल्फमध्ये चेंडू लांब मारायच्या लाकडी डोक्याच्या काठीला ड्रायव्हर म्हणतात. साहेबांच्या पिशवीत तशा दोन असत. लांब काठीने चेंडू दूर जाई, पण भरकटे; आखूड काठी हातात राही, म्हणून ती दुसरी. तिच्या मुठीची चामड्याची पट्टी सुटली होती, म्हणून नवी बसवून ती साहेबांच्या तंबूत वाळत ठेवली होती. पिशवी नेहमी वाहणारा माणूस त्या दिवशी आला नव्हता आणि शिपाई नवा होता.

साहेब रागावले नाहीत. काठी घेऊन ये, असे त्यांनी शिपायाला सांगितले. भावाला काही सांगितले नाही.

शिपाई एकटाच छावणीत आला. आप्पा कुठे, असे मी विचारले.

"मांगे ई ऱ्हायना," मागून येतोय एवढे सांगून तो काठी घेऊन निघाला.

मी त्याच्याबरोबर गेलो. भाऊ अर्ध्या वाटेवर निंबाखाली बसला होता. कोटाच्या गुंड्या तशाच लावलेल्या होत्या. शिपाई न थांबता पुढे गेला. भावाने त्याच्या हातातल्या काठीकडे पाहिले.

"तिले ड्रायव्हर म्हनतस," तो म्हणाला.

मी त्याला पाठीवर घेतले. वाटेत त्याने एकदाच विचारले, गाडी धुवायची राहिली का. मी नाही म्हणालो.

संध्याकाळी तो बरळू लागला. शहाद्याहून डॉक्टर आले. ताप डोक्यात चढला आहे, असे त्यांनी सांगितले. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. अंत्यविधी गोमाई नदीच्या काठी झाला. शिपाई आला होता. पहिला ड्रायव्हर साहेबांबरोबर गावोगाव फिरत होता.

पुढच्या उन्हाळ्यात साहेबांची बदली झाली. त्यांचे सामान गाडीत चढवताना मी नंदुरबार स्टेशनवर होतो. काठ्यांची पिशवी शेवटी चढली. लाकडी डोक्याच्या दोन्ही काठ्या तिच्यात होत्या.