तीन तऱ्हेची मैदानं

गोल्फ मी आयुष्यात एकदाही खेळलो नाही, पण त्याच्या मैदानांबद्दल मला तासभर बोलता येईल. ऐकणारा मात्र आता कुणी उरला नाही. दुसऱ्या लढाईच्या आधीची काही वर्षं मी लोणावळ्यात साहेब लोकांच्या एका क्लबात मैदानाचा मुकादम होतो. मूळचा मी वडगावचा. सातवीची फायनल पास झालो होतो, तहसिलीत कारकुनीची उमेदवारी करत होतो, लग्नाला दोन वर्षं झाली होती. बायको तापानं गेली. पुढं घरी येणारा प्रत्येक जण दुसऱ्या लग्नाचा विषय काढी, ते मला सोसेना, म्हणून ही गवत कापून घ्यायची नोकरी धरली. खेळाची सुरुवात जिथून होते त्या चौथऱ्याशेजारी एक पत्र्याची खोली राहायला मिळाली. माणसं नकोत म्हणून गेलो होतो, आणि खरोखरच माणसं नव्हती. सहा महिन्यांत भिंतीशी बोलायची पाळी आली.

शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे साहेब येत. चेंडू चुकला की गवत वाढलंय म्हणत, गवत कापलं की जमीन कडक आहे म्हणत. नाचता येईना अंगण वाकडं. आणि त्या अंगणाचा मुकादम मी, तेव्हा बोलणी खायला मीच. सोमवारपासून मैदानावर मी, गवत कापणाऱ्या बाया आणि रोज चार वाजता येणारा एक म्हातारा साहेब, एवढेच.

हा साहेब रेल्वेत इंजिनिअर होता. तीस वर्षं त्यानं घाटातले रूळ आणि बोगदे सांभाळले, आणि नोकरी संपल्यावर इथंच एक लहानसा बंगला भाड्यानं घेऊन राहिला. बायको नाही, मूल नाही. काठ्यांची पिशवी स्वतःच्याच खांद्याला लावून एकटा खेळे. मराठी तो रुळावरच्या गँगवाल्यांकडून शिकला होता, त्यामुळं मी पुस्तकी बोलायचो आणि तो अस्सल मावळी. क्लबातले बाकीचे साहेब त्याच्यापासून जरा लांबच बसत. मी त्याच्या मागून दोन पावलं अंतर ठेवून चालायचो, गवत तपासायच्या निमित्तानं. पुढं निमित्तही लागेना.

चालता चालता तो सांगे. त्याच्या मुलखात गोल्फची मैदानं तीन तऱ्हेची. एक बागेतलं, त्याला पार्कलँड म्हणतात. दोन्ही बाजूंना थोराड झाडं, खाली जाड ओलसर गवत. चेंडू उंच मारायचा, झाडं चुकवायची, आणि तो पडल्या जागी मुकाट बसतो. दुसरं माळावरचं, हीथलँड. वाळूची जमीन आणि गुडघाभर झुडपं, जांभळ्या-पिवळ्या फुलांची. दिसायला फार देखणं, पण वाट सोडून चेंडू झुडपात गेला की काट्यांतून हात रक्ताळून घ्यायचे. तिसरं समुद्रकाठचं, लिंक्स. तिथं झाड नाही, आडोसा नाही. वाळूच्या उंचसखल टेकड्या, त्यावर खुरटं गवत आणि सगळीकडून वारा. उंच मारलेला चेंडू वारा पळवतो, म्हणून तो जमिनीलगत मारायचा, आणि पडल्यावर कुठं घरंगळत जाईल त्याचा नेम नाही. साहेब असल्याच एका मैदानाशेजारी जन्मला होता. त्याचा बाप तिथं माझ्यासारखाच मुकादम होता. ही गोष्ट त्यानं क्लबात कुणाला सांगितली नव्हती, मला सांगितली.

आपलं मैदान यातलं कोणतं, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, हे धड बागंचं न्हाई अन् धड माळाचं बी न्हाई. मला ते लागलं. शेवटी मैदान माझं होतं. मग मी वर्षभर मैदानाकडे त्या नजरेनं पाहिलं आणि पुढच्या वर्षी साहेबाला हिशेब ऐकवला. दिवाळीच्या सुमाराला गवत नुकतंच कापलेलं असतं, जमीन ओली असते, झाडं गच्च असतात, तेव्हा आपलं मैदान बागेतलं. माघ-फाल्गुनात गवत वाळतं, करवंदीच्या जाळ्या तेवढ्या वर दिसतात, तेव्हा ते माळावरचं. आणि वैशाखात जमीन तव्यासारखी होते, चेंडू थांबता थांबत नाही, तेव्हा ते समुद्रकाठचं, फक्त समुद्र नाही. साहेब हसला. मग म्हणाला की समुद्र नसला तरी चालेल, पण वारा पाहिजे. वारा मात्र आमच्याकडे सातव्या होलावर, म्हणजे चेंडू घालायच्या सातव्या खळग्याच्या पट्ट्यावर, अडलेला होता. तो पट्टा मैदानाच्या पश्चिम टोकाला, पलीकडे सरळ कोकणाचा कडा. पण कड्याच्या अलीकडे जांभूळ-हिरड्याची नऊ झाडं ओळीनं उभी होती, आणि तिथं दुपारी पानही हलत नसे.

त्या वर्षी शिमग्याच्या आसपास त्याच्या बहिणीचं पत्र आलं. आता पुरे, घरी ये, पावसाआधीच्या बोटीनं ये. साहेबाचं काही ठरेना. रोज चालताना तो तेच काढी. इथं राहावं तर कुणासाठी, तिथं जावं तर तीस वर्षांत ओळखीचं कोण उरलं असेल. माझं मत त्यानं कधी विचारलं नाही, आणि मी ते आपण होऊन दिलं नाही. मला स्पष्ट सांगायला हरकत नाही: तो गेला असता तर माझ्याशी बोलणारं माणूस त्या डोंगरावर राहिलं नसतं. मला तो हवा होता. पण मुकादमानं साहेबाला राहा म्हणायचं, हे माझ्या जिभेवर येईना. लहानपणापासून माझा स्वभाव असा की मागण्यापेक्षा कामाला लागावं.

चैत्रात तो डोळे दाखवायला तीन आठवडे मुंबईला गेला. मी क्लबाच्या सेक्रेटरीला सांगितलं की सातव्या होलावर झाडांमुळं चेंडू हरवतात. त्यानं मान डोलावली, तेवढं मला पुरेसं होतं. वरच्या वाडीतले ठाकर दरवर्षी त्या झाडांचा टहाळ राबासाठी नेत. भाताचं रोप टाकायच्या जागी डहाळ्या-पाला पसरून जाळायचा, त्याला राब म्हणतात. कुठल्या झाडाचा टहाळ कुठल्या घरानं न्यायचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं. मी त्यांना म्हणालो, यंदा टहाळ न्याच, पण झाडंही बुंध्यापासून तोडा. वाडीतला म्हातारा कोयता खाली ठेवून म्हणाला,

"टहाळ आमी काढू. बुंध्याला हात लावायचो न्हाई. फुडल्या साली राब कशाचा करायचा?"

मी ऐकलं नाही. बाजारातून दोन लाकूडतोडे आणले आणि नऊच्या नऊ झाडं आडवी केली. करवंदीच्या जाळ्या उपटल्या. इंद्रायणीच्या पात्रातून गाडी-गाडी वाळू आणून तिचे उंचवटे केले, साहेब काठीनं जमिनीवर रेघा ओढून दाखवी तसे. त्या तीन आठवड्यांत मी बायको गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवलो. वाडीतल्या लोकांना मात्र पुढच्या साली टहाळासाठी पलीकडच्या खिंडीत जावं लागलं, आणि माझ्याशी रामराम करणारी दोन-चार घरं होती तीही तुटली.

साहेब परत आला त्या दिवशी मी नेहमीसारखाच त्याच्या मागून निघालो. सहा होल खेळून आम्ही वर चढलो, आणि कड्यावरून येणारा वारा एकदम तोंडावर आला. त्याची टोपी उडाली. मी टोपी धरायला धावलो, परत येऊन बघतो तर तो पिशवी खाली टाकून उभा. मग त्यानं एकच चेंडू मारला, जमिनीलगत. चेंडू वाळूच्या उंचवट्यावर चढला, वळला आणि भलतीकडेच गेला. साहेब तो आणायला गेला नाही. डोळ्यांना नुकतंच औषध घातलंय असं म्हणत रुमालानं डोळे पुसत राहिला. मला वाटलं, जिंकलो. आता हा कुठं जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बोटीचं तिकीट मागवायला माणूस पाठवला.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. तीस वर्षं तो इथं सुखानं राहू शकला, कारण इथलं काहीच तिथल्यासारखं नव्हतं. हे आज मला लिहिता येतं. तेव्हा मी दोन दिवस खोलीचं दार लावून बसलो, आणि गवत कापणाऱ्या बायांवर उगाच डाफरलो.

निरोपाला लोणावळ्याच्या फलाटावर मी एकटाच होतो. क्लबानं आदल्या संध्याकाळी जेवण देऊन आपलं कर्तव्य उरकलं होतं. साहेब खिडकीत बसला. मी खाली उभा. त्यानं हात बाहेर काढून माझा हात धरला, पहिल्यांदाच.

"मुकादम, मी हितंच मरायचं ठरवलंवतं," तो म्हणाला. "तू त्यो वारा दावलास, अन् मग ऱ्हावंना. घरला मला तूच धाडलंस. लय उपकार झालं."

तुम्ही राहावं म्हणून केलं होतं, एवढंच मला सांगायचं होतं. भाषेची अडचण होती असं म्हणायचीही मला सोय नाही. त्याला माझी मराठी माझ्या भावांपेक्षा बरी कळत होती. घाट उतरण्याआधी गाडीचे ब्रेक तपासत, त्यासाठी ती तिथं चांगली पंधरा मिनिटं उभी राहिली. तेवढा वेळ आम्ही यंदा पाऊस लवकर लागेल की उशिरा, यावर बोललो.