रऊफचाचांची टेकडी

अमरावतीच्या रऊफचाचांची जीभ तशी गोड, पण वायरलेसवर कुणी वायफळ बोललं की तिला धार चढायची. वनखात्यातल्या भल्याभल्यांना त्यांनी सुनावलं होतं. का सुनावू नये? मेळघाटात एका चौकीची हाक डोंगरापलीकडच्या चौकीला पोचत नाही. म्हणून उंच टेकडीवर रिपीटर बसवलाय. तो खालची क्षीण हाक एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच दमात, दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर, दणदणीत करून साऱ्या खोऱ्यांत पोचवतो. पण एका वेळी एकाचीच. एकाने बटन दाबून धरलं की बाकीच्यांची तोंडं बंद. त्या रिपीटरची देखभाल कित्येक वर्षं चाचांकडे होती.

यंदा वणव्याचे दिवस तोंडावर आले, तसे चाचा नवी बॅटरी घेऊन निघाले. टेकडीच्या पायथ्याशी गाडी लावली, पण उतरेनात. शेजारी त्यांच्या बेगम हलीमाबी डबा सोडत होत्या.

"गुडघे जवाब देऊन राहिले," चाचा म्हणाले. "मांगच्या खेपेले अर्ध्यात बसून रडलो मी."

"मंग सांगून टाका ना सायबाले."

"सांगतलं का दुसरा माणूस ठेवतीन. टेकडी गेली तं मी काय करू? घरी बसून तुह्या सालनात मीठ चाखू?"

"माह्या सालनाले काहून मधात आणता?" हलीमाबींनी फटकारलं, पण त्यांचेही डोळे भरले होते.

एवढ्यात जवळच्याच चौकीवरून, जिथे साहेब आलेले होते, श्रावण आणि सागर हे दोघं वनरक्षक मोटरसायकलवर घाईघाईने आले. श्रावणने सरळ चाचांच्या मांडीखाली हात घातला आणि दबलेला वॉकीटॉकी ओढून काढला. जन्मभर जगाला शिकवलं आणि स्वतःच बटनावर बसले! चाचांचं तोंड एवढंसं झालं.

"कोणा-कोणानं आयकलं?"

"समद्या चौक्यांनी. सायबानंबी."

संपलं सगळं, असं चाचांना वाटलं. श्रावणने बॅटरी खांद्यावर घेतली. "सायेब म्हन्तेत, चढाचं काम आमचं. तुमी इथून सांगा, कोणती तार कुठं लावाची. दुसरा माणूस नाई पायजे त्याइले."

टेकडी समोरच होती, तेवढ्या अंतराला वॉकीटॉकी थेट चालतो, रिपीटर लागत नाही. दोघं वर पोचले आणि चाचा पायथ्यावरून एकेक तार सांगत गेले. रिपीटर पुन्हा सुरू झाला. आता रिवाजाप्रमाणे प्रत्येक चौकीने हजेरी द्यायची.

पहिल्या चौकीवरून कुलदीप म्हणाला, "चाचा, गुडघ्याले मोहाचं तेल लावा जी." दुसरीवरून एरंडाची पानं गरम करून बांधायचा सल्ला आला. तिसरीवरच्या पार्वताबाई म्हणाल्या, "चाचीले सांगा, मी उद्या लेप पाठवतो." हजेरी कुणीच देईना.

आवाज नीट येतोय, एवढं तरी सांगावं म्हणून चाचांनी बटन दाबलं. शब्द फुटेना. साऱ्या मेळघाटात बराच वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू येत राहिला, आणि एकाही चौकीने त्यांना घाई केली नाही.