वेचून काढलेले दाणे

तांदळातलं आम्हा तंजावरच्या बायकांना कुणी शिकवू नये, असा माझा तोरा. इडलीला आमच्याकडे रेशनचाच तांदूळ. त्यात अलीकडे काही दाणे निराळे दिसायला लागले, शंभरात एखादा, भिजवला की वर तरंगणारा. शेजारीण म्हणाली, "प्लास्टिक आहे हो!"

झालं! घरात नवी सून, तिला मूल हवं, आणि मी तिच्या पोटात प्लास्टिक जाऊ देते होय? रोज सूप घेऊन बसायचे, एकेक दाणा वेचून बाटलीत टाकायचे. बाटली भरली तशी तणतणत सरकारी दवाखान्यात गेले आणि नर्सपुढे आदळली.

"हे काय खायला घालता आम्हाला?"

नर्स जवळच्याच ओरत्तनाडू गावाकडची, माझ्या मुलीच्या वयाची. हसतच सुटली. "अम्मा, तांदळाच्याच पिठाचे दाणे हे. आत लोह आहे, फॉलिक ॲसिड आहे. बाळाच्या पाठीचा कणा सुरुवातीला उघडा असतो, तो नीट मिटावा म्हणून. पहिल्या महिन्यातच मिटतो तो, बाईला दिवस गेल्याचं कळतं न कळतं तोवर."

मी बाटली परत जवळ ओढली.

माझं पहिलं मूल उघड्या पाठीनं जन्मलं. दोन दिवस जगलं. ग्रहणात मी केळफूल चिरलं म्हणून असं झालं, असं सासूबाई म्हणाल्या आणि मीही ते खरं मानलं. तेव्हापासून ग्रहणात विळीला हात लावला नाही.

नर्सला हे सांगितलं. तिचं हसू गेलं. "ग्रहणाचा काही संबंध नाही, अम्मा. तुमचं कशानं झालं ते आता कोण सांगणार? पण असं पुष्कळदा टाळता येतं. नुसत्या तांदळावर राहू नका, सुनेला गोळ्या आत्तापासूनच द्या."

अगंबाई! आईला पत्ताही नसताना आत पाठ शिवली जाते, आणि त्याला लागणारं एवढ्याशा दाण्यात मावतं. आणि मी शहाणी तेच वेचून बाजूला काढत होते.

सुनेला गोळ्या सुरू झाल्या, तांदूळ वेचणं बंद झालं. पुढे तिला दिवस राहिले. सोनोग्राफीत डॉक्टरीणबाईंनी कणा दाखवला, बारीक मण्यांची ओळ, मानेपासून खालपर्यंत अखंड. मी म्हटलं, "परत एकदा दाखवा." त्यांनी दाखवला.

त्याच महिन्यात ग्रहण आलं. सून बिचारी माझ्या धाकानं कोपऱ्यात बसली होती. मी विळी काढली, केळफूल घेतलं आणि भर ग्रहणात चिरायला बसले. त्या दोन दिवसांच्या लेकराला मनात म्हटलं, बाळा, तुझ्या आईनं काही केलं नव्हतं रे.