सतरा नंबरचा फिल्टर

माझ्या बाकड्यावर तेलाचा एक गोल डाग आहे. राखेने घासला, सोड्याने घासला, जात नाही. गिऱ्हाईक त्यावर बसायला गेलं की मी त्याला पलीकडे सरकवते. कारण विचारलं तर खेकसते.

सुंगाई दानाऊ गावात, खाणीतून धक्क्याकडे कोळसा नेणाऱ्या रस्त्यावर, ट्रकांच्या गॅरेजच्या फाटकासमोर, बावीस वर्षं मी कॉफी विकते. सगळे मला आचिल म्हणतात, म्हणजे मावशी. जुम्बेरी मिस्त्रीला मी तेव्हापासून बघतेय. तुसडा माणूस. ज्या ट्रकांचे गिअर आपोआप पडतात त्यांचा गिअरबॉक्स फक्त तोच उघडायचा. दुसरा कोणी असता तर खालची दोन झाकणं काढून, जुने दोन फिल्टर फेकून, नवे बसवून, तेल भरून माझ्याकडे गप्पा हाणायला आला असता. हा मात्र जुना फिल्टर करवतीने कापायचा. आतल्या कागदाच्या घड्या एकेक उलगडून उन्हात धरायचा. करडा गाळ असला तर ठीक. चमकणारे कण दिसले तर गिअरबॉक्स आतून झिजतोय. मग ड्रायव्हरला बोलावून त्याच्या नाकाखाली तो कागद धरायचा, आणि त्याने पाहिल्यावरच ट्रकचा नंबर घालून तो फिल्टर तारेने भिंतीवर टांगायचा. न दाखवता टांगलेला फिल्टर त्या भिंतीवर एकही नव्हता. मी विचारायची, "काय रे, मढं चिरून झालं का?" तो हसायचा नाही.

सतरा नंबरचा ट्रक आरबानीचा. आरबानी म्हणजे जुम्बेरीच्या धाकट्या बहिणीचा, लतिफाचा नवरा. बाप गेल्यावर जुम्बेरीनेच हे लग्न जमवलं होतं, म्हणून त्या ट्रकला तो जरा जास्तच वेळ द्यायचा.

त्या सकाळी सतराचा फिल्टर कापला आणि तो बराच वेळ उन्हात उभा राहिला. मी टपरीवरून बघत होते. कागदाच्या घडीत पिवळे, चमकणारे कण होते, नखाच्या कोरीएवढे. भरलेला ट्रक सातव्या किलोमीटरचा उतार उतरतो तेव्हा त्याला अर्धाअधिक तो गिअरबॉक्सच धरून ठेवतो. त्याने हात सोडला तर नुसते चाकांचे ब्रेक जळून जातात. हे इथे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. वियोनो फोरमनलाही होतं.

जुम्बेरी फिल्टर घेऊन त्याच्याकडे गेला. ट्रक उभा ठेवा म्हणाला. वियोनोने मान वर न करता सांगितलं, "नवा बसवलास ना? मग झालं. धक्क्यावर बार्ज थांबलंय. रविवारी उघडू." जुम्बेरीने वाद घातला, तर तुला कागदात भुतं दिसतात म्हणून त्याला हसण्यावारी नेलं. तेव्हा तो तसाच फिल्टर हातात घेऊन माझ्या टपरीकडे निघाला. तिथे बसलेल्या आरबानीलाच सांगणार होता, की तू खेप घेऊ नकोस, माझं नाव सांग.

पण तेवढ्यात फाटकातून हॉर्न वाजला आणि आरबानी बाकावरून उठून ट्रककडे पळाला. मी नुकतीच ठेवलेली कॉफी तशीच वाफाळत होती.

आता, पुढे केलेलं खाणंपिणं बोटही न लावता सोडून जाणं आमच्याकडे कोणी करत नाही. त्याला कापुहुनान म्हणतात. असा गेलेला माणूस साप चावून मरतो, बुडून मरतो, रस्त्यावर मरतो. माझ्या थोरल्या भावाचं तसंच झालं होतं. टपरीतले सगळे उभे राहिले. जुम्बेरी समोर आला होता, त्याच्या हातात मी ग्लास कोंबला.

"पळ, आधी त्याला हे दे."

गरम ग्लास दोन्ही हातांनी धरायला त्याने फिल्टर बाकड्यावर ठेवला आणि धावला. ट्रक फाटकाबाहेर वळत होता. आरबानीने खिडकीतून वाकून कॉफीत बोट बुडवलं आणि चाटलं.

"झालं ना दादा? आता म्हातारा होईस्तोवर मरत नाही."

सगळे हसले. जुम्बेरीही हसला. इतक्या वर्षांत त्याचे दात मी तेव्हा पाहिले. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, त्याचंही उतरलं असणार, कारण ग्लास मला परत देऊन तो सरळ पुढच्या ट्रकखाली कामाला शिरला. मी बाकडं पुसलं. फिल्टर उचलून कडेला ठेवला, खाली डाग पडलाय म्हणून कुरकुरले, आणि भजी तळायला बसले.

दुपारी उतारावरून ट्रक यायचे बंद झाले. एक नाही, दोन नाही, रस्ता मोकळाच पडला. धूळ खाली बसली. तेवढ्यात जुम्बेरी हातात तार घेऊन टपरीत आला. दुसरा फिल्टर भिंतीवर टांगायला गेला तेव्हा त्याला सतराच्या फिल्टरची आठवण झाली होती. त्याने बाकड्याकडे पाहिलं, मग मोकळ्या रस्त्याकडे. रेडिओच्या खोलीकडे पळाला, तर वियोनो दारातच उभा होता.

उतारावर मेलेल्या आरबानीच्या तिसऱ्या दिवसाच्या जेवणाला मी लतिफाकडे गेले. घर माणसांनी भरलेलं. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, आणि शेवटी तिनेही मला तोच विचारला.

"आचिल, त्यांनी कॉफीला हात लावला होता ना?"

"लावला होता गं. सगळ्यांनी पाहिलं."

"मग असं का झालं?"

वियोनो कोपऱ्यात भात कालवत होता. नशीब, असं काहीतरी पुटपुटला. चार जणांनी माना हलवल्या. मीही हलवली, देवा मला क्षमा कर, कारण ते सोपं होतं. तेव्हा जुम्बेरी बहिणीसमोर येऊन बसला. खिशातून त्याने तेलकट कागदाची घडी काढली आणि तिच्या पुढ्यात उलगडली, ड्रायव्हरला दाखवायचा तशीच. कण अजून चमकत होते.

"हे त्याला दाखवायचं होतं," तो म्हणाला. "कॉफी धरायला मी हे खाली ठेवलं."